फुप्फुसांच्या संशोधनासाठी दुर्बीण : ‘गैरसोय’ एवढाच शब्द पुरेसा आहे का?

हिवाळा तोंडावर आला की दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हवेचा प्रश्न दरवर्षी ऐरणीवर येतो. त्याच्यासोबत एक जुना प्रश्नही पुन्हा विचारला जातो. या हवेमुळे भारतीयांच्या फुप्फुसांचे नेमके काय होते, याचा भारतातच गोळा केलेला पुरावा कोठे आहे? केवळ हवेच्या प्रदूषणामुळे मृत्यू झाले असा थेट संबंध प्रस्थापित करणारी निर्णायक माहिती देशात उपलब्ध नाही, अशा आशयाचे उत्तर केंद्र सरकारने संसदेत एकाहून अधिक वेळा दिले आहे. त्या उत्तरावर टीका झाली आणि भारतीय संशोधन वाढविण्याची मागणीही झाली. मात्र ही मागणी करताना एक गोष्ट क्वचितच विचारात घेतली जाते. रुग्णालयांच्या नोंदी आणि हवेची मापे यांतून पुष्कळ काही कळते. परंतु धूर छातीत गेल्यानंतर अवघ्या काही तासांत श्वासनलिकेच्या अस्तरात काय घडते, हे पाहावयाचे असेल तर जिवंत माणसाच्या फुप्फुसांत नळी घालून तेथील द्रव व पेशी बाहेर काढाव्या लागतात. ही नळी कोणाच्या घशातून जाणार, कोणत्या अटींवर जाणार आणि तिच्यामुळे होणाऱ्या त्रासाचा हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न त्या मागणीच्या पोटातच दडलेला आहे.

या तपासणीला वैद्यकात ब्रॉन्कोस्कोपी म्हणतात. रुग्णांच्या बोलण्यात ती ‘छातीची दुर्बीण’ असते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियान यांनी १८९७ मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेले हाड ताठ धातूच्या नळीतून बाहेर काढले, तेथून तिचा इतिहास सुरू होतो. १९६० च्या दशकात जपानमधील शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण विकसित केली आणि ही तपासणी रुग्ण जागा असतानाही करता येऊ लागली. पुढे १९७० च्या दशकात दुर्बिणीतून क्षारयुक्त पाणी फुप्फुसाच्या एका भागात सोडून ते पुन्हा शोषून घेण्याची, म्हणजे एका अर्थी फुप्फुस ‘धुण्याची’ पद्धत रूढ झाली. साधारणपणे १०० ते ३०० मिलिलिटर पाणी टप्प्याटप्प्याने आत सोडले जाते. त्यातील काही भाग परत मिळतो आणि त्यासोबत रोगप्रतिकारक पेशी येतात. या पद्धतीमुळे दुर्बीण केवळ निदानाचे साधन राहिली नाही, तर संशोधनाचेही साधन बनली. फरक आहे तो येथेच. निदानासाठी आलेल्या रुग्णाच्या छातीत गाठ असते, रक्त पडत असते किंवा क्षयाचा संशय असतो, आणि होणाऱ्या त्रासाच्या बदल्यात त्याला स्वतःच्या आजाराचे उत्तर मिळते. संशोधनासाठी आलेल्याला असे काही मिळत नाही. त्याच्या फुप्फुसातील पेशी इतरांच्या भल्यासाठी नेल्या जातात, आणि तो स्वतः पुष्कळदा ठणठणीत असतो.

अशा संशोधनाची गरजच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमुळे महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असलेले डॉ. संदीप साळवी हे इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन येथे संशोधन करीत असताना १९९९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्वीडनमधील उमिओ येथील संशोधकांच्या सहकार्याने झालेल्या या प्रयोगात १५ निरोगी स्वयंसेवकांना एक तासभर डिझेलचा विरळ केलेला धूर आणि दुसऱ्या खेपेस स्वच्छ हवा श्वासावाटे देण्यात आली. सहा तासांनंतर त्यांची दुर्बिणीने तपासणी करण्यात आली. धुरानंतर श्वासनलिकेच्या अस्तरात दाहाच्या पेशी लक्षणीय प्रमाणात वाढल्याचे आढळले. त्याच वेळी फुंकर मारून करावयाच्या नेहमीच्या चाचणीत काहीच फरक दिसला नव्हता. म्हणजे केवळ बाहेरून मोजले असते तर निष्कर्ष ‘काही झाले नाही’ असा निघाला असता. डिझेलच्या धुराबद्दल आज जे ठामपणे बोलले जाते, त्याच्या पायाशी त्या १५ जणांनी सोसलेली नळी आहे. क्षयरोगाबाबतही असेच आहे. क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या वायुकोशांतील ज्या भक्षक पेशींत घर करतो, त्या पेशी रक्ताच्या नमुन्यात सापडत नाहीत. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, त्या देशाला या संशोधनाकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही.

म्हणूनच मार्च १९९६ मध्ये अमेरिकेत जे घडले ते तपशिलाने पाहणे आवश्यक ठरते.

रोचेस्टरचा धडा

न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर विद्यापीठात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने संशोधनासाठी स्वयंसेवक हवेत ही सूचना वाचून नाव नोंदविले. धूम्रपान आणि हवेतील प्रदूषके यांचा फुप्फुसांच्या पेशींवर होणारा परिणाम अभ्यासण्यासाठी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने हाती घेतलेल्या प्रकल्पासाठी निरोगी व्यक्तींच्या पेशी हव्या होत्या. मोबदला १५० डॉलर होता. २९ मार्च रोजी तिची ब्रॉन्कोस्कोपी झाली. तपासणी तिला सोसवत नव्हती, म्हणून घसा व श्वासनलिका बधिर करणारे लिडोकेन हे औषध पुन्हा पुन्हा देण्यात आले आणि नमुने घेण्याचे काम चालू राहिले. तपासणीनंतर तिला घरी जाऊ देण्यात आले. दोन दिवसांनी, ३१ मार्च रोजी तिचा मृत्यू झाला. शरीरात गेलेले लिडोकेन हे मृत्यूचे कारण ठरले.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या चौकशीतून पुढे आलेल्या बाबी कोणत्याही गुंतागुंतीच्या तंत्रज्ञानाशी संबंधित नव्हत्या. संशोधनाच्या आराखड्यात लिडोकेनची कमाल मात्रा लिहिलेलीच नव्हती. दिलेल्या मात्रांची नोंद ठेवली गेली नव्हती. ठरल्याहून अधिक नमुने घेतले गेले होते. तपासणीनंतर तिच्या प्रकृतीवर पुरेशी देखरेखही झाली नव्हती. दुर्बिणीमुळे तिच्या फुप्फुसाला छिद्र पडले नव्हते आणि रक्तस्रावही झाला नव्हता. म्हणजे ज्या धोक्यांची नावे संमतिपत्रकात ठळकपणे लिहिली जातात, त्यांपैकी कोणत्याही धोक्याने तिचा बळी घेतला नाही. ज्या औषधाने तिचा त्रास कमी व्हावयाचा होता, तेच घातक ठरले.

या घटनेचा अर्थ बहुतेक वेळा ‘औषधाचा अतिरेक’ असा लावला जातो, आणि तो चुकीचाही नाही. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते तो अपुरा आहे. संशोधकांच्या कागदपत्रांत ‘सुरक्षितता’ आणि ‘सहभागी व्यक्तीचा त्रास’ असे दोन वेगळे रकाने असतात. पहिला गंभीर आणि दुसरा किरकोळ, असा अलिखित समज त्यामागे असतो. रोचेस्टरमध्ये हे दोन रकाने एकमेकांत मिसळले. त्रास वाढला, तो दडपण्यासाठी मात्रा वाढली आणि मात्रा वाढता वाढता सुरक्षितता संपली. तेथे त्रास हीच धोक्याची पहिली सूचना होती. खोकला थांबत नाही, व्यक्ती हात झटकते आहे, डोळ्यांतून पाणी येते आहे, हे दिसत असताना निदानासाठीच्या तपासणीत डॉक्टरांपुढे खरा पेच असतो, कारण थांबले तर रुग्णाचे निदान राहून जाईल. संशोधनात असा पेच नसावयास हवा. तेथे थांबल्याने त्या व्यक्तीचे काहीही नुकसान होत नाही. फार तर एका तक्त्यातील एक ओळ रिकामी राहते.

पाच वर्षांनी, २००१ मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरील एका अभ्यासात हेक्सामेथोनियम हे रसायन श्वासावाटे दिल्यानंतर आणखी एका निरोगी तरुण स्वयंसेविकेचा मृत्यू झाला आणि तेथील सरकारी निधीवर चालणारे माणसांवरील बहुतेक संशोधन काही काळ थांबविण्यात आले. तो दुर्बिणीचा विषय नव्हता. परंतु फुप्फुसांच्या संशोधनात सर्वाधिक गवगवा झालेले हे दोन्ही मृत्यू आजारी माणसांचे नव्हते, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

मात्रेचा हिशेब

लिडोकेन भारतात लिग्नोकेन या नावाने अधिक ओळखले जाते. दंतवैद्यांपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सर्वत्र ते वापरले जाते आणि योग्य मात्रेत ते सुरक्षितच आहे. अडचण अशी की श्वासनलिकेचे अस्तर ते झपाट्याने शोषून घेते. रक्तातील प्रमाण वाढू लागले की प्रथम ओठ व जीभ बधिर होतात, तोंडाला धातूसारखी चव येते, कानांत आवाज येतो. त्यापुढे झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. घशाला बधिरता आणलेल्या व्यक्तीने ‘जीभ बधिर झाली’ असे सांगितले तर ते कोणाला वावगे वाटणार नाही. म्हणजे या औषधाची पहिली घंटा नेमकी याच तपासणीत ऐकू येत नाही. यकृत हे औषध निष्प्रभ करते. त्यामुळे यकृताचा वा हृदयाचा विकार असलेल्या व्यक्तीत मर्यादा आणखी खाली आणावी लागते.

ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २००१ मधील मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ८.२ मिलिग्रॅम अशी दिली होती. अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमतीपत्रात दर किलोमागे ७ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. आकडा कोणताही धरला तरी तो प्रत्यक्षात किती लवकर गाठला जातो, हे एका साध्या गणितावरून लक्षात येईल.

समजा, सहभागी व्यक्तीचे वजन ५० किलो आहे. भारतात असे वजन मुळीच दुर्मीळ नाही. दर किलोमागे ७ मिलिग्रॅम धरल्यास एकूण मर्यादा ३५० मिलिग्रॅम होते. घशात १० टक्के तीव्रतेच्या फवाऱ्याचे दहा झोत मारले, की १०० मिलिग्रॅम खर्च झाले. नाकातून दुर्बीण घालण्यासाठी २ टक्क्यांची ५ मिलिलिटर जेली लावली, की आणखी १०० मिलिग्रॅम. अद्याप दुर्बीण स्वरयंत्रापर्यंतही पोहोचलेली नाही आणि निम्म्याहून अधिक मात्रा संपली आहे. उरलेल्या १५० मिलिग्रॅममध्ये २ टक्के द्रावणाचे २ मिलिलिटरचे तीनच डोस बसतात, चौथा मर्यादा ओलांडतो. स्वरयंत्रावर दोन, मुख्य श्वासनलिकेवर एक, आणि संपले. उजव्या व डाव्या शाखेसाठी काही उरतच नाही. यातील काही औषध खोकल्यावाटे बाहेर पडते, काही गिळले जाते, हे खरे. परंतु नेमके किती बाहेर पडले ते कोणालाच ठाऊक नसते, म्हणूनच दिलेल्या प्रत्येक मिलिलिटरची नोंद करणे हा एकमेव खात्रीचा मार्ग राहतो.

हाच हिशेब १ टक्का द्रावणाने केला तर तीनाऐवजी सात डोस बसतात. पण निम्म्या तीव्रतेचे औषध पुरेसे बधिर करील का? याचे एक भक्कम उत्तर भारतातूनच मिळाले आहे. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील डॉक्टरांनी ५०० रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १ टक्का द्रावण २ टक्के द्रावणाइतकेच परिणामकारक ठरले आणि एकूण मात्रा मात्र लक्षणीय कमी लागली. त्याच संस्थेने पुढे १,०५० जणांवर केलेली आणखी एक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. घशात फवारा मारावा, औषधाची वाफ द्यावी की दोन्ही करावे, असा प्रश्न तीत होता. केवळ वाफेपेक्षा फवारा सरस ठरला आणि दोन्ही एकत्र दिल्याने अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. हे निष्कर्ष वाचताना एक समाधान वाटते. गुंगीचे औषध न देता ही तपासणी करण्याची पद्धत आपल्याकडे अनेक केंद्रांत आहे. ती परिस्थितीची सक्ती असली, तरी तीतूनच रुग्णाचा त्रास कमी करण्याचे शास्त्र येथे विकसित होत आहे.

धोका किती?

धोक्याची जी आकडेवारी नेहमी उद्धृत होते ती निदानासाठीच्या तपासण्यांची आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका टपाली पाहणीत २४,५२१ तपासण्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत सुमारे एक, आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ०.०८ टक्के आढळले. १९९५ मध्ये एका विद्यापीठीय रुग्णालयाने आपल्या ४,२७३ तपासण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात एकही मृत्यू नव्हता, परंतु गंभीर गुंतागुंत ०.५ टक्के होती, म्हणजे आधीच्या आकड्याच्या सहापट. वीस वर्षांत दुर्बीण अधिक घातक झाली असे यावरून अनुमान काढणे चूक ठरेल. या काळात दुर्बिणीतून करावयाच्या प्रक्रिया वाढल्या, गंभीर गुंतागुंत कशास म्हणावे याच्या व्याख्या वेगळ्या होत्या, आणि डॉक्टरांना पत्राने विचारून मिळणारे उत्तर व रुग्णालयाची प्रत्यक्ष कागदपत्रे तपासून मिळणारे उत्तर यांतही अंतर असतेच.

संशोधनासाठीच्या तपासण्यांत, विशेषतः दमा व सीओपीडी असलेल्या व्यक्तींत, वेगळी काळजी घ्यावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या कार्यशाळांतून १९८५ आणि १९९१ मध्ये याविषयी सूचना तयार झाल्या. तीव्र दम्यावरील अमेरिकेतील बहुकेंद्री संशोधन प्रकल्पाने २०११ मध्ये चारशेहून अधिक सहभागींचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात तीव्र दम्याचे रुग्णही होते. निवड काटेकोर असेल, आधी श्वासनलिका रुंदावणारे औषध दिले जात असेल आणि पथक अनुभवी असेल, तर ही तपासणी स्वीकारार्ह सुरक्षिततेने करता येते, असा त्याचा रोख आहे. फुप्फुस धुतल्यानंतर त्याच संध्याकाळी ताप येणे ही मात्र अनेकांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे. तो बहुधा एका दिवसात उतरतो. घशाची बधिरता जाईपर्यंत, साधारण दोन तास, पाणीही पिता येत नाही. फुप्फुसाच्या आतील भागाचा तुकडा काढला जाणार असेल तर छातीत हवा शिरून फुप्फुस आकसण्याचा धोका असतो. केवळ पेशी धुऊन घेण्यात तो फारच कमी असतो. ‘ब्रॉन्कोस्कोपी सुरक्षित आहे’ असे एकच विधान करण्याऐवजी यांपैकी नेमके काय केले जाणार आहे, हे सांगणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

त्रास मोजण्याची अडचण

अनुवादाच्या कामात ‘डिस्कम्फर्ट’ हा शब्द वारंवार समोर येतो. वैद्यकीय मजकुराच्या मराठी अनुवादांत त्यासाठी बहुधा ‘गैरसोय’ हा शब्द योजलेला आढळतो, आणि पुष्कळदा त्यामागे ‘थोडीशी’ हे विशेषणही जोडलेले असते. मराठी माणसाला गैरसोय म्हटले की उशिरा धावणाऱ्या गाडीबद्दल फलाटावर होणारी उद्घोषणा आठवते. घशात नळी असताना आपला श्वास कोंडतो आहे असे वाटणे, ही गैरसोय नव्हे. ‘अस्वस्थता’ हा शब्द त्याच्या थोडा जवळ जातो, पण तोही मनाच्या बाजूला झुकतो. ‘घुसमट’, ‘ठसका’, ‘खोकल्याची उबळ’, ‘मळमळ’ असे घरोघरी कळणारे शब्द आपल्याजवळ असताना ते संमतिपत्रकात का येत नाहीत? ते अशास्त्रीय वाटतात म्हणून, की ते वाचून माणूस नाही म्हणेल म्हणून? दुसरे कारण खरे असेल, तर ते पत्रक संमतीचे राहत नाही.

शास्त्रीय निबंधांतही अडचण आहेच. काही ठिकाणी दहा सेंटिमीटरच्या रेषेवर खूण करावयास सांगतात, काही ठिकाणी ‘अजिबात नाही’पासून ‘असह्य’पर्यंतचे पर्याय देतात, तर काही ठिकाणी ‘पुन्हा वेळ आली तर ही तपासणी करून घ्याल का?’ एवढेच विचारतात. नॉर्वेतील बर्गन येथे सीओपीडी असलेल्या व निरोगी व्यक्तींच्या फुप्फुसांतील जंतूंचा अभ्यास करण्यासाठी मोठ्या प्रमाणावर संशोधनात्मक ब्रॉन्कोस्कोपी करण्यात आल्या. सुरक्षितता आणि सहभागींना होणारा त्रास यांकडे तेथील संशोधकांनी स्वतंत्र विषय म्हणून पाहिले, ही अनुकरणीय गोष्ट आहे. तरीही ‘पुन्हा याल का?’ या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर जपून वाचावे लागते. ते देणारा मुळात स्वेच्छेने आलेला असतो. प्रश्न विचारणारा पुष्कळदा नळी घालणाऱ्याच पथकातील असतो. आणि मिडाझोलामसारखे गुंगीचे औषध दिले असेल तर त्या अर्ध्या तासाची आठवणच पुसट झालेली असते.

गुंगीच्या औषधाबाबत आणखी एक मुद्दा आहे. संशोधनातील सहभागी व्यक्तीला कोणत्याही क्षणी माघार घेण्याचा अधिकार आहे, असे प्रत्येक आचारसंहिता सांगते. पण तोंडात नळी आणि डोळ्यांवर गुंगी असताना माघार घ्यावयाची कशी? बोलता येत नाही. हात हलविला तर तो औषधाचा परिणाम समजून परिचारिका हात धरून ठेवते, आणि ती ते मायेनेच करते. यावर साधा उपाय आहे. हात वर केला की थांबावयाचे, अशी खूण आधीच ठरवून घ्यावी आणि ती खूण पाहणारी व्यक्ती नमुने घेणाऱ्या पथकातील नसावी. गुंगी दिल्याने खोकला आणि भीती कमी होते, हे निश्चित. पण श्वास मंदावण्याचा धोका वाढतो आणि देखरेखीचा कालावधीही वाढतो. गुंगी द्यावी की न द्यावी, याचा निर्णय पूर्णपणे संशोधकावर सोडण्याऐवजी तो सहभागी व्यक्तीशी बोलून व्हावा, असे वाटते.

होकार कोणाचा, आणि कशासाठी?

आफ्रिकेतील मलावी या देशात ब्लँटायर येथे लिव्हरपूलच्या संशोधकांच्या सहकार्याने फुप्फुसांवरील दीर्घकालीन संशोधन चालते. न्यूमोनिया आणि एचआयव्ही यांच्या अभ्यासासाठी तेथील अनेक स्वयंसेवकांच्या ब्रॉन्कोस्कोपी झाल्या आहेत. या लोकांनी होकार का दिला, असा प्रश्न तेथील संशोधकांनीच विचारला आणि मिळालेली उत्तरे २००८ मध्ये वैद्यकीय नीतिशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. आरोग्यसेवेची गरज हे होकारामागचे कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच नोंदविला. संशोधनात सहभागी झाले की डॉक्टर भेटतो, तपासणी होते, काही आढळले तर पुढचा मार्ग मिळतो. रोचेस्टरच्या विद्यार्थिनीसमोर १५० डॉलर होते. ब्लँटायरच्या स्वयंसेवकासमोर एक डॉक्टर होता. दोहोंपैकी कोणते आमिष अधिक मोठे, हे सांगणे कठीण आहे. आपले अप्रिय ठरू शकणारे निष्कर्ष त्या संशोधकांनी झाकून ठेवले नाहीत, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

भारतातील वाचकाला हे दूरचे वाटू नये. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘एका अभ्यासात नाव घातले तर आजच तपासणी होईल’ असे कोणी म्हटले, तर त्याचा होकार कशाचा असेल? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ मधील राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक सूचनांनी अवाजवी प्रलोभनास मनाई केली आहे. प्रवासखर्च व बुडालेली मजुरी देता येते, परंतु धोका पत्करण्यास भाग पाडील अशी रक्कम देता येत नाही. सहभागी व्यक्तीस इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांचा हक्कही या सूचनांनी मान्य केला आहे. याच सूचनांत संशोधनाची जोखमीनुसार चार गटांत विभागणी केलेली आहे. ब्रॉन्कोस्कोपी कोणत्या गटात धरावयाची, हे प्रत्येक प्रस्तावागणिक नीतिसमितीने ठरवावयाचे असते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर एक उणीव स्पष्ट दिसते. नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ मध्ये मृत्यू वा इजा झाल्यास भरपाई किती द्यावयाची याचे सूत्र दिले आहे, परंतु ते नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी आहे. नव्या औषधांच्या काही चाचण्यांत दुर्बल घटकांच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही बंधनकारक आहे. ज्या अभ्यासात कोणतेही नवे औषध नाही, केवळ फुप्फुसातील पेशी घ्यावयाच्या आहेत, तो अभ्यास या सूत्राच्या कक्षेत येत नाही. अशा संशोधनावर देखरेख करणाऱ्या नीतिसमित्यांची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे होते, आणि मार्गदर्शक सूचना त्यांना लागू असतात. मात्र भरपाईचा आकडा प्रकरणागणिक ठरतो. रोचेस्टरमध्येही नवे औषध तपासले जात नव्हते. लिडोकेन तेव्हाही दशकानुदशके वापरात असलेले औषध होते.

भारतात निरोगी माणसांना बोलावून केल्या जाणाऱ्या ब्रॉन्कोस्कोपीपेक्षा एक वेगळाच प्रकार अधिक आढळतो, आणि त्याची चर्चा कमी होते. रुग्णाला निदानासाठी दुर्बीण घालावयाचीच असते. त्याच वेळी संशोधनासाठी, कधी पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी, थोडे जादा पाणी आत सोडून घेतले जाते किंवा एखादा जादा तुकडा काढला जातो. नळी एकदाच जाते, म्हणून यात वेगळा धोका नाही, असे म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. जादा नमुन्यासाठी जादा मिनिटे लागतात, जादा मिनिटांत जादा खोकला येतो, आणि वर मांडलेल्या हिशेबात चौथा डोस तेथेच येतो. शिवाय रुग्ण ज्या कागदावर सही करतो तो बहुधा तपासणीचा असतो, आणि संशोधनाचे पान त्यालाच मागे टाचलेले असते. उपचार आणि संशोधन यांतील सीमारेषा रुग्णाला दिसत नाही, असे निरीक्षण अमेरिकेतील संशोधकांनी १९८० च्या दशकातच नोंदविले होते. आपल्याकडे ती रेषा कागदावरही पुसट असते.

संशोधनाचे पान वेगळे काढणे, त्यावर वेगळी सही घेणे, नमुने किती व कोणते घेणार हे त्यात लिहिणे, लिग्नोकेनची कमाल मात्रा त्या व्यक्तीच्या वजनानुसार मिलिग्रॅममध्ये आधीच काढून तपासणीच्या खोलीतील फळ्यावर मांडणे, यांपैकी कशालाही नवी यंत्रसामग्री लागत नाही. निदानाचा भाग पूर्ण झाला की डॉक्टरांनी तसे मोठ्याने सांगावे आणि संशोधनाचा भाग सुरू करण्यापूर्वी फळ्यावरचा आकडा वाचावा, असा नियम एखाद्या नीतिसमितीने मंजुरीच्या पत्रातच घातला, तर तो पाळला गेला की नाही हे नंतर तपासताही येईल.